नाकताई आणि बरणीतली जाडी

चहाच्या कंपनीत तिला सगळे नाकताई म्हणायचे आणि तिला त्याचं मुळीच वाईट वाटायचं नाही. उलट कुणी नवखा माणूस खऱ्या नावाने हाक मारायचा, तेव्हा ती वळूनही बघायची नाही. नाक दिसायला काही खास नव्हतं. जरासं बसकं, टोकाशी गोल. पण चाखणीच्या खोलीत लांबलचक पांढऱ्या टेबलावर पेल्यांची रांग मांडली, की त्या बसक्या नाकापुढे मोठमोठ्यांची बोलती बंद व्हायची. ती पेल्यावर वाकायची, चमच्यातून असा दणदणीत भुरका मारायची की बाहेर बसलेले कारकून घड्याळात बघायचे. घोट तोंडात घोळवून पिकदाणीत टाकायची आणि सांगायची, "हा उशिरा खुडलाय. हा बरा आहे, पण पेटी कुठेतरी ताज्या रंगाजवळ ठेवली होती. हा घ्या, डोळे मिटून घ्या." आणि साहेब खरोखर डोळे मिटून घ्यायचे.

त्या हिवाळ्यात तिला ताप आला. साधाच, चारचौघांना येतो तसा. ताप उतरला, अंगातली कणकण गेली, आणि एका सकाळी ती शेगडीसमोर उभी असताना सासूबाई आतल्या खोलीतून धावत आल्या.

"अगं, दूध करपून कोळसा झालं! घरभर धूर झालाय आणि तू इथंच उभी?"

तिने पातेल्यात पाहिलं. खरंच कोळसा झाला होता. तिने वाकून जोरात श्वास घेतला. काही नाही. साबण नाकाशी धरला. काही नाही. चहाचा डबा उघडला, त्यात नाक जवळजवळ बुडवलं, आणि मग ती डबा पोटाशी धरून स्टुलावर बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं. म्हणाले, "वासाच्या नसांना मार बसलाय. परत येईल, कदाचित नाहीही येणार. रोज लिंबाची साल, लवंग, गुलाब असं काहीतरी हुंगत राहा. नसांना आठवण करून द्यायची." ती रोज हुंगू लागली. भिंत हुंगावी तसं वाटायचं. काही आठवड्यांनी लवंगा पुन्हा डब्यात गेल्या आणि लिंबू सरबतात.

साहेब भले गृहस्थ होते, आणि तेच तिला जास्त लागलं. रागावले असते, चार शब्द सुनावले असते, तर तिनेही तोंड चालवलं असतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, पगार तोच राहील. सध्या खाली पॅकिंगला बसा. बरं वाटलं की बोलू." चाखणीच्या टेबलाशी आता तिच्याच हाताखाली शिकलेली मुलगी उभी राहू लागली. चांगली होती पोरगी. नाकताईने स्वतःचा चमचा तिच्या हातात दिला आणि जिना उतरून खाली गेली.

पॅकिंगमध्ये यंत्राचा खडखडाट असायचा. वरच्या नळकांड्यातून चहा धबाधबा खाली यायचा, पाकिटांत भरला जायचा, पट्ट्यावरून सरकत पुढे जायचा, आणि दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून वजन बघायच्या, तोंडं बंद करायच्या, खोक्यांत रचायच्या. या सगळ्यांवर मुकादम बाईंचा आवाज असायचा. त्यांचा आवाज यंत्रापेक्षा मोठा होता आणि मन त्याहून. पण वरून खाली आलेल्या माणसाशी काय बोलावं हे त्यांनाही सुचेना. मधल्या सुट्टीत बायका घोळक्याने जेवायच्या आणि नाकताई खिडकीपाशी एकटी, कापूस चघळावा तशी, डब्यातलं अन्न चघळत बसायची.

अशा दिवसांत तिची नणंद बरणी घेऊन आली.

नणंद मालवाहू जहाजावर इंजिनियर होती. सहा-सात महिने समुद्रावर, मग सुट्टीला घरी. बोलणं मोजकं, हात सदा कशात तरी गुंतलेले. पुन्हा बोटीवर जायच्या आदल्या दिवशी ती दारात उभी राहिली, तान्हं मूल धरावं तशी काचेची एक मोठी बरणी छातीशी धरून. बरणीत तपकिरी पाणी होतं आणि त्यावर पिवळट-पांढरी, जाडजूड, गुळगुळीत चकती तरंगत होती.

"हे काय गं?" सासूबाई चष्मा सारखा करत म्हणाल्या. "कुणाचं काळीज काढून आणलंस?"

"आई, कोंबुचा आहे. गोड चहा आंबवून करतात. ही वरची चकती आहे ना, मी हिला जाडी म्हणते, तीच सगळं काम करते. माझी फार जुनी आहे. मागच्या वेळी मैत्रिणीकडे ठेवली होती, पण ती घर बदलतेय." मग ती भावजयीकडे वळली. "वहिनी, जाडीला तू सांभाळ."

"मी?" नाकताईला हसूच आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. "अगं, मला दूध करपलेलं कळत नाही. हे आंबलं की नासलं, ते कसं कळायचं मला?"

"तिला तुझं नाक नकोय, वहिनी. तिला चहा हवाय. आणि चहा तुझ्यापेक्षा चांगला कोण करणार?"

नणंदेने तिथेच ओट्याशी उभं राहून सगळं समजावलं. साधा काळा चहा घ्यायचा, सुगंध घातलेला नको, त्यातल्या तेलाने जाडी आजारी पडते. साखर हात राखून घालायची नाही, कारण ती आपल्यासाठी नसते, तिच्यासाठी असते. चहा पुरता गार झाल्याशिवाय तिच्या अंगावर ओतायचा नाही, कोमटसुद्धा नको. तोंडाला घट्ट विणीचं फडकं बांधायचं, म्हणजे हवा जाईल पण चिलटं जाणार नाहीत. उन्हात ठेवायची नाही, सारखी हलवायची नाही. "आणि सगळ्यात महत्त्वाचं. प्यायला काढशील तेव्हा सगळं काढू नकोस. जुनं आंबट पाणी भरपूर मागे ठेव. तेच नव्या चहाची राखण करतं."

दुसऱ्या दिवशी नणंद बोटीवर गेली. बरणी ओट्याच्या कोपऱ्यात राहिली. नाकताई येता-जाता तिच्याकडे तिरप्या नजरेने बघायची. पण दुसऱ्याची ठेव होती. तिने नेमाने चहा उकळला, साखर विरघळवली, गार केला, ओतला, फडकं बांधलं.

आठवड्याभराने चव बघायची होती. तिने चमचा बुडवला आणि जुन्या सवयीने भुरका मारला. नंतर चमचा तसाच हातात धरून ती उभी राहिली.

जिभेवर काहीतरी होतं.

वास नव्हता, पण आंबटपणा होता. जिभेच्या कडांना टोचणारा, स्वच्छ. त्याच्या मागे थोडी गोडी उरली होती. आणि शेवटी टाळूला किंचित कोरडं करणारा चहाचा तुरटपणा. इतके दिवस तिला वाटत होतं की नाकाबरोबर सगळंच गेलं. पण जीभ तर जागेवरच होती! तिला नुसतं कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून गप्प बसली होती.

"अहो!" तिने नवऱ्याला हाक मारली. "इकडे या. हे प्या. गोड जास्त आहे की आंबट?"

नवरा चष्मे बनवायचा. काचा घासून घासून त्याच्या स्वभावालाही एक शांत चकाकी आली होती. त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "मला काही कळत नाही."

"गोड जास्त आहे. अजून दोन दिवस थांबायला हवं." असं म्हणताना तिचा आवाज असा निघाला की नवऱ्याने पेला खाली ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं. हा आवाज त्याने ताप आल्यापासून ऐकला नव्हता.

मग तिला नादच लागला. कंपनीतून आली की आधी बरणीपाशी. बरणीला कान लावला की बारीक चरचर ऐकू यायची. जाडीखाली तपकिरी तंतू लोंबायचे, ते बघून पहिल्यांदा ती दचकली होती, पण ते तर जाडीच्या चांगल्या तब्येतीचं लक्षण निघालं. वेगवेगळ्या पानांचा चहा घालून तिने पाहिला. कुठल्याने आंबटपणा धारदार येतो, कुठल्याने मऊ, हे ती जिभेवर पारखू लागली. तयार झालेलं बाटल्यांत भरून घट्ट बूच लावायचं आणि फेस धरायला ठेवायचं, हेही जमलं. पहिलं बूच उडालं ते छताला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "घरात तोफखाना काढा आता." पण पेला पुढे केला. एक घोट, मग दुसरा, मग उरलेला सगळा.

"बरंय," त्या म्हणाल्या. सासूबाईंच्या तोंडून 'बरंय' निघणं म्हणजे इतरांचा हारतुरा.

त्या दिवसापासून बाटल्या भराभर संपू लागल्या. दुपारी कुणी बघायला नसायचं. आणि नाकताईलाही माणूस मागून पितंय याचा आनंद इतका, की एकदा बाटल्या भरताना तिने बरणी जवळजवळ कोरडी केली. जाडीखाली बोटभर पाणी राहिलं. "चालेल की," ती स्वतःशीच म्हणाली आणि नवा चहा ओतला. त्याच आठवड्यात थंडीची लाट आली. खिडक्यांच्या काचा आतून ओल्या व्हायला लागल्या.

एका संध्याकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि नाक मुरडलं. "काहीतरी कुबट वास मारतोय गं. ओलं पायपुसणं पडून राहिल्यासारखा."

नाकताईने पायपुसणं पाहिलं. कोरडं होतं. मग तिची नजर बरणीकडे गेली. तिने फडकं सोडलं.

जाडीच्या अंगावर हिरवट-निळी वर्तुळं उमटली होती. कोरडी, लवदार, मखमलीच्या ठिगळांसारखी. नवऱ्याने दुकानातलं भिंग आणलं, बराच वेळ पाहिलं, आणि भिंग खाली ठेवून मान हलवली. "बुरशीच आहे. केस दिसतायत."

"वरचं खरवडून काढलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही चालत, आई. बुरशी आली की सगळंच जातं. पाणीसुद्धा." नणंदेने हे बजावून सांगितलं होतं.

तिने बरणी मोरीत उलटी केली. ती जुनी, जाडजूड, कितीतरी घरं फिरलेली चकती पिशवीत घालून बाहेर टाकून आली. बरणी उकळत्या पाण्याने धुतली, पुन्हा धुतली, आणि मग ओट्याला टेकून रडायला लागली. मुसमुसून नाही, चांगली मोठ्याने.

"माझं नाक असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं मला! आईंना सांगावं लागलं! मी उभी होते इथं, रोज उभी होते!"

नवरा तिच्याशेजारी ओट्याला टेकला. "नाक असतं तर दोन दिवस आधी टाकून द्यावी लागली असती, एवढंच. बुरशी काय तुझ्या नाकाला भिऊन थांबणार होती? पाणी कमी ठेवलंस म्हणून आली. ती चूक हाताची आहे. हात आहेत ना तुझे?"

त्याला असं काही बोलता येतं, हे इतक्या वर्षांत तिला माहीत नव्हतं. तिने डोळे पुसले.

तेवढ्यात सासूबाई फ्रिजपाशी गेल्या. भाजीचा खण ओढला, कोबीचा गड्डा उचलला, त्यामागून एक बाटली काढली आणि कुणाच्याही डोळ्याला डोळा न देता ओट्यावर ठेवली. मागच्या चांगल्या खेपेतली होती. बूचही उघडलं नव्हतं.

"माझ्यासाठी ठेवली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं एकदम संपवता म्हणून."

"आम्ही दोघं?" नवरा म्हणाला.

"तू गप्प बस. हिच्यात विरजणापुरता जीव असेल का गं, सूनबाई?"

नाकताईने बाटली उजेडाकडे धरली. तळाशी धुरकट गाळ होता, आणि मानेशी, अगदी वर, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही असा एक पारदर्शक तुकडा तरंगत होता. तिने सासूबाईंना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा वाकडा झाला. नशीब, दुरुस्त करणारा घरातच होता.

बोटीवरून नणंदेचा आठवड्याचा फोन आला तेव्हा तिने तिला आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पलीकडे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग नणंद म्हणाली, "बाटलीतून नवी धरता येते, वहिनी. पण वेळ घेते. आणि थंडीत फारच घेते. चिकाटी धरावी लागेल."

"तेवढं एकच आहे माझ्याकडे सध्या," नाकताई म्हणाली.

या वेळी तिने थोडासाच चहा केला आणि सबंध बाटली त्यात ओतली. आंबटाची राखण भक्कम हवी होती. बरणीभोवती नवऱ्याचं जुनं लोकरी जाकीट गुंडाळलं आणि तिला फ्रिजच्या मागच्या बाजूला, जिथे यंत्राची ऊब येते तिथे ठेवलं. मग वाट बघणं सुरू झालं.

काही झालं नाही. रोज फडकं सोडायचं, बघायचं, बांधायचं. पाणी आपलं पाणीच. सासूबाई सकाळी उठून विचारायच्या, "धरली का?" आणि उत्तर न ऐकताच समजून जायच्या. नवरा म्हणाला, "एखाद्याकडून नवी आणू या का?" ती म्हणाली, "मेलेली दिसेपर्यंत ही जिवंत आहे." आणि बुरशीची अशी धास्ती बसली होती की फडकं सोडलं की ती आधी वाकून हुंगायची. काही कळणार नाही हे ठाऊक असून हुंगायची. सकाळी, कंपनीतून आल्यावर, जेवणं झाल्यावर. लवंग आणि लिंबाच्या वेळी जे मन लागलं नव्हतं, ते इथे जीव ओतून लागलं, कारण इथे काहीतरी वाचवायचं होतं.

एके दिवशी नाकात काहीतरी चुरचुरलं. ती दचकली. पण तिचं तिलाच कळलं की हा वास नाही, ही नुसती आंबटाची झोंब आहे. कांदा चिरताना डोळ्यांना होतं तसं. तरी चांगली खूण होती. पाणी आंबत होतं, म्हणजे आत कुणीतरी काम करत होतं. दोन दिवसांनी पाण्यावर धुरकट ठिपके दिसले. नवऱ्याने भिंग लावलं, श्वास रोखून बघितलं.

"केस?" तिने विचारलं.

"नाहीत. गुळगुळीत आहे. अगं, ओलं आहे, चकाकतंय!"

ठिपके पसरले, एकमेकांना भिडले, आणि एका रविवारी सकाळी बरणीच्या काठापासून काठापर्यंत पातळ, दुधासारखी पांढरट साय धरलेली होती. सासूबाईंनी बरणीवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. नवरा उगाचच सगळ्यांशी हस्तांदोलन करत सुटला. नाकताई बरणीवर वाकली, चुरचुर नाकात शिरू दिली. आणि त्या चुरचुरीच्या मागून, फटीतून उजेड यावा तसं, काहीतरी आलं.

हिरव्या सफरचंदाची साल.

ती हलली नाही. हलली तर जाईल असं वाटलं. गेलं. पुन्हा श्वास घेतला. पुन्हा आलं, सफरचंद, आणि त्याखाली फार खोल, ओळखीचं, जुन्या मैत्रिणीच्या हाकेसारखं, काळ्या चहाचं पान.

"आई," ती म्हणाली, "मला वास येतोय!"

वास काही एकदम राजासारखा मिरवत परतला नाही. चोरपावलांनी, वेडीवाकडी सोंगं घेऊन आला. कॉफीला जळक्या रबराचा वास येऊ लागला, सासूबाईंच्या तेलाला ओल्या पुठ्ठ्याचा. नवऱ्याच्या मानेजवळ जाऊन ती म्हणाली, "तुम्हाला पेन्सिलीचा वास येतोय," तर तो म्हणाला, "येऊ दे, काहीतरी येतंय ना!" ती मात्र रोज बरणीपाशी धडा गिरवत राहिली. जाडी वाढत गेली आणि तिच्याबरोबर एकेक वास आपापल्या जागी येऊन बसला. कंपनीत तिने कुणाला काही सांगितलं नाही. घाईघाईने वर जाऊन तोंडघशी पडायचं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिने केली. सगळा जीव एकाच बरणीत ठेवण्याची चैन पुन्हा करायची नाही, असं तिने ठरवलं होतं. जाडीला पदर सुटले तसे तिने ते वेगळे केले, छोट्या बरण्यांत भरपूर आंबट पाण्यासकट घातले, आणि पॅकिंगमध्ये नेले. सोबत गार बाटल्या. मधल्या सुट्टीत मुकादम बाईंपुढे पेला धरला.

"आंबलेला चहा?" मुकादम बाई म्हणाल्या. "दिवसभर चहाच बघते मी, आता आंबलेलाही पाजा." पण प्यायल्या. त्यांच्या भुवया वर गेल्या. "ए, इकडे या गं सगळ्या!" हा आवाज बहुधा वरच्या मजल्यावरही गेला असावा. त्या दिवशी नाकताई खिडकीपाशी बसली नाही. सगळ्या तिच्याभोवती बसल्या, आणि चहा गार किती करायचा, फडकं कुठलं, बुरशी कशी ओळखायची, याची शाळाच भरली. प्रत्येकीने बरणी घरी नेली. जिने तिने आपापल्या जाडीला नाव दिलं. एकीने तर नाकताईच्या नणंदेचंच नाव दिलं.

मग ती सकाळ आली. यंत्र सुरू होतं, नळकांड्यातून चहा पडत होता, पाकिटं सरकत होती. नाकताई वजन बघत होती, आणि मध्येच तिचा हात थांबला. तिने मान वर केली. चहाच्या उबदार वासात एक धागा वेगळा होता. कुबट, निळसर. या एकाच वासाला ती कितीतरी आठवडे रोज भीत-भीत शोधत होती.

"यंत्र बंद करा," ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. ती सरळ पुढे गेली आणि लाल बटण दाबलं. खडखडाट थांबला. अशी शांतता त्या खोलीत दिवसाउजेडी कुणी ऐकली नव्हती.

"ताई, काय झालं?" मुकादम बाईंनी विचारलं.

"चहाला बुरशी आहे. सगळ्याला नाही, आत्ता जो पडतोय त्याला."

बायकांनी मूठ-मूठ उचलून हुंगला. एकमेकींकडे पाहिलं. कुणालाच काही कळेना. नाकताईने स्वतःही मूठभर उचलला. नाक खरं बोलतंय की कॉफीला रबर म्हणत होतं तसं काहीतरी बरळतंय? तिने डोळे मिटले, पुन्हा हुंगलं. होतं. नक्की होतं.

मुकादम बाईंनी कमरेवर हात ठेवले. "मला काही वास येत नाही. पण ताई म्हणतात ना, मग यंत्र बंद राहील. साहेबांना बोलवा."

साहेब आले, मागोमाग चाखणीची मुलगीही आली. साहेबांनी हुंगलं, मुलीने हुंगलं. ती म्हणाली, "मी नमुना पाहिला तेव्हा चांगला होता, ताई. पण नमुना पहिल्या पोत्यातला होता." साहेबांनी थोडा विचार केला. मग तिथेच, पॅकिंगच्या टेबलावर, पेले मांडायला सांगितले. प्रत्येक पोत्यातून वेगळा चहा. नाकताईला दाराबाहेर उभं केलं आणि पेल्यांची अदलाबदल केली.

ती आत आली. सगळा विभाग भिंतीला पाठ लावून उभा होता. मुलीने स्वतःजवळचा चमचा पुढे केला. नाकताई पहिल्या पेल्यावर वाकली आणि तिने असा भुरका मारला की कुणीतरी खुदकन हसलं. चांगला. दुसरा चांगला. तिसऱ्यापाशी ती रेंगाळली. "हा जरा जुना आहे, पण निरोगी." पुढचा चांगला. त्याच्या पुढच्या पेल्यावर ती वाकली आणि लगेच सरळ झाली. "हा. आणि याच्या शेजारचाही, पण कमी. दोन्ही पोती एकमेकांना लागून ठेवली असणार."

साहेबांनी पेल्यांखालच्या चिठ्ठ्या उलटल्या. मग एका कामगाराला गोदामात पाठवलं. तो परत आला तेव्हा धापा टाकत होता. "साहेब, कोपऱ्यातल्या पाइपातून थेंब-थेंब पाणी गळतंय. एक पोतं खालून भिजलंय. शेजारचं त्याला टेकूनच होतं."

मुकादम बाईंनी आरोळी ठोकली. आरोळीच, दुसरा शब्द नाही. बायकांनी टेबल बडवलं, टाळ्या पिटल्या, चाखणीच्या मुलीने येऊन नाकताईच्या गळ्यात हात टाकले आणि कानात म्हणाली, "कधी आलं परत? सांगायचं नाही का?" साहेब चष्मा काढून पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "सोमवारपासून वर या, ताई."

"येते," ती म्हणाली. "पण दोघींना उभं करा टेबलाशी. हिलाही आता वरून हलवायचं नाही. आणि जेवायला मी खालीच बसणार."

त्याच आठवड्यात नणंद बोटीवरून उतरली. नाकताईने तिला घरी थांबूच दिलं नाही, सरळ कंपनीच्या मधल्या सुट्टीत घेऊन गेली. खोक्यांच्या टेबलावर बाटल्यांची रांग लागली होती. प्रत्येकीने आपापल्या घरची आणली होती. कुणाची सोनेरी, कुणाची लालसर, एकीची तर इतकी फसफसलेली की ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. सासूबाईही आल्या होत्या, परीक्षक म्हणून. त्यांना कुणी बोलावलं होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

नणंद रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली. "एवढ्या सगळ्या?"

"सगळ्या तुझ्या जाडीच्याच," नाकताई म्हणाली. "चल, आता पहिली कुणाची ते ठरवू."

"माझीच!" तीन-चार आवाज एकदम उठले, आणि मुकादम बाईंचा त्यांच्यावर. चाखणीची मुलगी पेले मांडू लागली. फडक्यातल्या बाटलीचं बूच कुणीतरी सैल केलं आणि फेसाचं कारंजं उडून नुकत्याच आत आलेल्या साहेबांच्या शर्टावर पडलं. नाकताईने वाकून त्या ओल्या बाहीचा वास घेतला, डोळे मिटले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "गोड कमी, धार उत्तम. साहेब, हीच पहिली!"